गुलाबांवरून जाणारा पूल

आमच्या मंडळीत ‘इमारत व आवार प्रमुख’ असं एक पद आहे. ऐकायला भारदस्त वाटतं, आणि तो भारदस्तपणा ऐकण्यापुरताच आहे. प्रार्थनाघराचा नळ गळला, कौल सरकलं, फाटकाची कडी अडकली, आवारात गवत माजलं किंवा कुणाची शेळी कुंपणातून आत शिरली, की ज्याच्या घरचा फोन वाजतो तो इमारत व आवार प्रमुख. माझ्या आधी हे पद माझ्या थोरल्या भावाकडे होतं. दादा गेला आणि चाव्यांचा जुडगा माझ्याकडे आला. जुडग्याबरोबर एक वाक्यही आलं, ‘दादा असते तर...’. हे वाक्य कुणी पुरं करत नाही. अर्धवट सोडून माझ्याकडे बघतात, पुढचं मी समजून घ्यायचं असतं.

दादा गेल्यापासून वहिनी प्रार्थनेला यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांचं घर फाटकाच्या अगदी समोर. मधे फक्त रस्ता. तरी दर आठवड्याला त्यांची जागा रिकामी. मंडळीतल्या प्रत्येकाला याचं वाईट वाटत होतं, आणि मला जरा जास्तच, कारण लहानपणी मला अंक शिकवले ते दादानं आणि संसार शिकवला तो वहिनींनी. मी विचार केला. वहिनींचे गुडघे दुखतात. प्रार्थनाघराला चार पायऱ्या आहेत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर कारण शोधायला शास्त्रज्ञ लागत नाही. पायऱ्यांच्या बाजूला एक छोटासा रॅम्प केला, की वहिनी परत येतील.

“अहो, पण वहिनींना विचारलंत का?” बायको म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? पायऱ्या दिसतायत, गुडघे दिसतायत.”

“गुडघे कुठे दिसतात?” एवढं बोलून ती आत गेली. तिच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही असा तिचा समज आहे. खरं म्हणजे मी उत्तर शोधेपर्यंत ती थांबत नाही.

आता आमच्या मंडळीत निर्णय कसे होतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. आमची प्रार्थना मौनाची. सगळे एकत्र बसतो, डोळे मिटतो आणि अर्धा तास गप्प राहतो. शेवटी कुणाला काही ठराव मांडायचा असेल तर त्यानं उभं राहून एकदाच, थोडक्यात मांडायचा. मग अध्यक्ष पुन्हा डोळे मिटतात. ते उघडेपर्यंत कुणी काही बोललं नाही, तर ठराव मंजूर. रीत मोठी सुंदर आहे. तिच्यात खोट इतकीच, की जी माणसं गप्प बसायला म्हणून मुद्दाम घरून निघून येतात, ती मधेच तोंड कशी उघडतील? त्यामुळे मंडळी स्थापन झाल्यापासून आजवर एकही ठराव नामंजूर झालेला नव्हता. आमच्या कुंपणाची भिंत निम्मी पांढरी आणि निम्मी पिवळी आहे, कारण दोन्ही ठराव मंजूर झाले. ‘खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ आणि ‘खिडक्या बंद ठेवाव्यात’ अशा दोन पाट्या आत एकाच भिंतीवर आहेत, आणि त्या दोन्ही दादानं स्वतःच्या हातानं, सारख्याच प्रेमानं ठोकलेल्या आहेत.

तर माझा रॅम्पचा ठराव मंजूर झाला. मी घरी शीळ घालत आलो.

पुढच्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर पूलवाले उभे राहिले. पूलवाले म्हणजे आमचे निवृत्त इंजिनिअर. हयातभर त्यांनी पुलांचे नकाशे काढले, आणि त्यातला एकही पूल प्रत्यक्षात झाला नाही. कधी नदीनं वळण बदललं, कधी साहेबांनी. ते म्हणाले, रॅम्प पायऱ्यांच्या डाव्या बाजूलाच हवा, आणि चढ बाराला एक, म्हणजे बारा फुटांत एक फूट, या प्रमाणातच हवा. अध्यक्षांनी डोळे मिटले, उघडले. मंजूर.

मग मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. या शाळेतून निवृत्त झाल्या, तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. पायऱ्यांच्या डाव्या बाजूला त्यांनी लावलेले गुलाब आहेत. त्या म्हणाल्या, डावीकडच्या वाफ्याला कुणीही, कोणत्याही कारणानं हात लावायचा नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. अध्यक्षांनी डोळे मिटले. मी मनात किती ओरडलो! पण मनातलं ओरडणं आमच्यात धरत नाहीत. मंजूर.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावून दोन्ही ठराव वाचून दाखवले. रॅम्प डावीकडेच करायचा आणि डावीकडे हात लावायचा नाही. गवंड्यानं विडी विझवली.

“साहेब, मग हवेतून करायचा का?”

त्यानं चेष्टा केली होती. पण शेजारी पूलवाले उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी जन्मात विसरणार नाही. “करता येईल,” ते हळूच म्हणाले. “वाफ्याबाहेर खांब रोवून करता येईल. गुलाब खाली राहतील, रॅम्प वरून जाईल.”

“म्हणजे पूल,” गवंडी म्हणाला.

“मी तो शब्द वापरलेला नाही,” पूलवाले म्हणाले, आणि नकाशा काढायला घरी पळाले.

रॅम्पला नगरपालिकेची परवानगी लागत नाही. पुलाला लागते. हे मला नगरपालिकेत गेल्यावर कळलं आणि तिथल्या साहेबांना माझ्या बोलण्यातून कळलं, तेव्हा चूक माझीच. हात दाखवून अवलक्षण. साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज समोर घेतला आणि विचारलं, “पूल कशावरून जातो?”

“गुलाबांवरून.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “नदी, नाला, रस्ता की रेल्वे, यातलं काय लिहू? गुलाबांचा रकाना नाहीये.”

“दुसरं काही लिहिता येणार नाही का?”

“काका, रकाना रिकामा ठेवला तर वरचे साहेब परत पाठवतात. परत आला की तुम्ही परत येता. तुम्ही परत आलात की मला परत हे सगळं ऐकावं लागतं. काय ते एक सांगा.”

मी सभ्य माणूस आहे. चारही पर्यायांत जो सर्वांत लहान वाटला तो निवडला. “नाला लिहा.”

परवानगी मिळाली. एवढ्या लवकर मिळाली की माझी मान जरा ताठ झाली, आणि दादालाही इतक्या लवकर मिळाली नसती असं मी बायकोला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, दादा असते तर त्यांनी नाला म्हटलं नसतं.

खांबांचे खड्डे खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच सकाळी फाटकातून वहिनी आल्या. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. आवाराच्या मधोमध त्यांनी खुर्ची मांडली आणि गवंड्याला पहिला प्रश्न टाकला, “खणतोयस की खाजवतोयस?”

त्या दिवसापासून त्या रोज यायला लागल्या. गवंड्याचं त्यांनी लग्न, सासुरवाडी, पाठदुखी सगळं काढून घेतलं. पूलवाल्यांशी भांडल्या. मास्तरीणबाई वाफ्यावर पहारा द्यायला यायच्या, त्यांच्याशी तर त्यांचं असं काही जमलं की दोघींच्या हसण्यानं कामकरी माणसं काम थांबवून बघत राहायची. मला फार बरं वाटलं. अजून रॅम्प व्हायचाय तर वहिनी एवढ्या खुशीत, झाल्यावर काय होईल! मी गवंड्याच्या मागे घाई लावली.

घाईचं फळ लगेच मिळालं. दुसऱ्या खांबाचा खड्डा खणताना पहार पाण्याच्या मुख्य नळावर बसली. पाणी असं उसळलं की गवंडी, मी आणि पूलवाल्यांचा नकाशा तिघेही एकदम भिजलो. व्हॉल्व्ह प्रार्थनाघराच्या आतल्या खोलीत. चाव्या माझ्या खिशात. पण खिसा ओला, हात ओले, आणि जुडग्यातली कोणती चावी कशाची हे मला कोरडा असतानाही आठवत नाही. वहिनी खुर्चीवरून उठल्या, माझ्या हातातून जुडगा ओढून घेतला, पायऱ्या चढून आत गेल्या आणि पाणी बंद करून आल्या.

“वहिनी पायऱ्या चढल्या,” बायको संध्याकाळी म्हणाली. ती कुंपणापाशी उभी राहून सगळं बघत होती.

“संकटात माणूस काहीही चढतो.”

“न धरता चढल्या. उतरल्याही.”

मी कपडे पिळत होतो. मला दुसरे व्याप होते. कारण त्याच दिवशी दुपारी नगरपालिकेच्या मलनिस्सारण खात्याची गाडी दारात येऊन उभी राहिली होती. लांब बांबू, फावडी, रबरी बूट घातलेली माणसं. त्यांच्या मुकादमानं विचारलं, “नाला कुठाय?”

“कसला नाला?”

“तुमच्या आवारात नवीन नाला नोंदवला गेलाय. नोंदवलेला नाला साफ करावा लागतो. केल्याशिवाय आम्हाला परत जाता येत नाही.”

मी अतिशय गंभीरपणे त्यांना समजावून सांगणार होतो, की नाला असा प्रत्यक्षात नाही, तो केवळ कागदोपत्री आहे. पण मुकादमाची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. गुलाबांच्या वाफ्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलं होतं, त्यावर पालापाचोळा तरंगत होता, आणि पूलवाल्यांची एक चप्पलही. “हा काय नाला!” मुकादम म्हणाला, आणि बूट वर ओढून आत उतरला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा येतो.

मास्तरीणबाई त्यांना आडव्या गेल्या. त्यांनी त्या सर्व पुरुषांना एका ओळीत उभं केलं आणि नाला कशाला म्हणतात हे विचारलं. उत्तरं अर्थातच चुकली. शेवटी वहिनींनी मधे पडून सगळ्यांना चहा पाजला, आणि फक्त पाणी उपसून, गुलाबांना न दुखवता, नाला साफ झाल्याची नोंद करून गाडी गेली. दोन रोपं तेवढी गेली. मास्तरीणबाई माझ्याशी त्यानंतर बोलल्या नाहीत. आमच्यात न बोलणं हा राग आहे की प्रार्थना, हे ओळखणं कठीण जातं, पण हा राग होता.

पूल बांधून झाला. बाराला एक या चढानं, गुलाब चुकवत, एक वळण घेत तो वर आला आणि शेवटी जिथे टेकला तिथे दार नव्हतं. खिडकी होती. नकाशा भिजल्यावर पूलवाल्यांनी तो आठवणीनं पुन्हा काढला होता, आणि त्यांच्या आठवणीत दार थोडं अलीकडे होतं. मी पुलाच्या टोकाशी उभा राहून खिडकीतून आत बघत होतो. समोरच्या भिंतीवर दोन्ही पाट्या दिसत होत्या. एक माणूस असा निघाला नाही की जो म्हणाला नसेल, “दादा असते तर...”

पुढच्या बैठकीत मी मान खाली घालून ठराव मांडला, की खिडकीचं दार करावं. मंजूर. पुन्हा धूळ, पुन्हा ठोकाठोक, पुन्हा वहिनींचा थर्मास. गवंड्याला त्या एव्हाना नावं ठेवत नव्हत्या, जेवलास का म्हणून विचारत होत्या. आणि एके दिवशी गवंड्यानं थापी धुतली, घमेलं गाडीत टाकलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि काम संपलं. वहिनींनी खुर्चीची घडी घातली. “झालं एकूण,” एवढंच म्हणाल्या.

पहिल्या प्रार्थनेला मंडळी झाडून आली. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. पूलवाले कोट घालून आले होते आणि पुलावरून दोनदा वर येऊन दोनदा खाली गेले होते. मौन सुरू झालं. पण मिटलेले डोळे आणि मिटल्यासारखे डोळे यांतला फरक मला कळतो. सगळ्या माना किंचित नव्या दाराकडे वळलेल्या होत्या. अर्धा तास आम्ही त्या दाराकडे असे न बघता बघत बसलो. त्या दारातून ऊन आलं, एक फुलपाखरू आलं आणि गेलं. वहिनी आल्या नाहीत.

जाताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला फार जड वाटला.

मी तसाच रस्ता ओलांडून वहिनींकडे गेलो. दार उघडंच होतं. वहिनी टेबलापाशी बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर दादाचा स्वेटर घडी करून ठेवलेला. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज सोडला तर काही नव्हतं. मी रागात होतो, खोटं कशाला बोलू.

“वहिनी, सगळे तुमची वाट बघत होते. तुमच्या गुडघ्यांसाठी मी काय काय केलं! नाला सोसला, मास्तरीणबाई सोसल्या.”

“भावजी, माझ्या गुडघ्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलं होतं का?”

“पण पायऱ्या...”

“पायऱ्यांचं काही नाही हो. चार तर आहेत.” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “तुमचे दादा तिथे अर्धा तास गप्प बसायचे आणि घरी आल्यावर अर्धा दिवस बोलायचे. पत्र्याच्या छपरापासून पंतप्रधानांपर्यंत. मी म्हणायची, देवा, हा अर्धा तास तेवढा माझा. तो मला विसावा होता. आता काय, दिवसभर विसावाच आहे. घरातली शांतता कमी पडते म्हणून मी तिकडे येऊ का?”

मी बसायला समोरची खुर्ची ओढली, तर तिच्यावर स्वेटर होता, म्हणून उभाच राहिलो.

“ते गेले तेव्हा मंडळीतले सगळे भेटायला आले. इथे, ह्या खोलीत बसले आणि मौन पाळलं. चांगल्या मनानंच पाळलं, मला माहितेय. पण एकानं तरी त्यांचं नाव घ्यावं ना हो. एक तरी गोष्ट सांगावी. तुम्हीही त्या कोपऱ्यात बसला होतात.” त्यांनी स्वेटरवरचा नसलेला कचरा झटकला. “तुमचा तो गवंडी खड्डे खणत होता तोवर बरं होतं. माणसं ओरडत होती, भांडत होती. आता तेही संपलं.”

मी त्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे बसून मी काय विचार करत होतो ते मला आठवलं. दादाबद्दल काहीतरी बोलावं असंच वाटत होतं. पण कुणी बोलत नव्हतं, म्हणून मीही बोललो नव्हतो. वहिनींना नमस्कार करून मी बाहेर पडलो आणि रस्त्यात रडू आलं म्हणून नाक शिंकरल्यासारखं केलं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, मी राजीनामा देतो. ज्याला माणसाचं दुःख पायरीएवढं दिसतं, त्यानं इमारत सांभाळू नये, आवारही नाही. तिनं या वेळी वाद घातला नाही. उठून फोनकडे गेली एवढंच मी पाहिलं.

पुढच्या प्रार्थनेनंतर मी उभा राहिलो. वहिनी का येत नाहीत ते मला सांगायचं होतं, पण त्यांनी मला एकट्याला सांगितलेलं असं चव्हाट्यावर कसं मांडणार? शिवाय आमच्यात ठराव थोडक्यात मांडायचा असतो. मी म्हटलं, “मी या पदाचा राजीनामा देतो,” आणि खाली बसलो. अध्यक्षांनी डोळे मिटले.

मी डोळे मिटले नाहीत. माझ्याच राजीनाम्याचं मौन होतं, मला बघायचं होतं. एक तरी माणूस ‘अहो, असं काय’ म्हणेल अशी आशा होती. पूलवाल्यांसाठी मी पूल बांधला होता, ते डोळे मिटून बसले होते. मास्तरीणबाई डोळे मिटून बसल्या होत्या. बायकोनंही मिटले होते. सगळे चेहरे इतके शांत, इतके प्रेमळ, की मला वाटलं, असेच आम्ही सगळे त्या दिवशी वहिनींच्या समोर बसलो होतो. आणि वहिनींनी असंच एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं असेल.

अध्यक्षांच्या पापण्या हलायला लागल्या, तेवढ्यात आवाज आला.

“मला मान्य नाही.”

वहिनी पायऱ्यांच्या दारात उभ्या होत्या. थोडी धाप लागली होती. पायात घरातल्या चपला होत्या.

सगळ्यांचे डोळे एकदम उघडले. या इमारतीत हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. अध्यक्ष उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, “म्हणजे... आता काय करायचं असतं?”

“आता बोलायचं,” वहिनी म्हणाल्या. त्या आत आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या.

कुणाला बोलता येईना. काय बोलायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. मला कळत होतं, की आता जर कुणी बोललं नाही, तर वहिनी उठून जातील आणि पुन्हा कधीही येणार नाहीत. मी उभा राहिलो. म्हटलं, दादा मला एकदा म्हणाला होता, की या दोन पाट्या मुद्दाम समोरासमोर न लावता शेजारी लावल्या, म्हणजे दोघी एकमेकींशी भांडायच्या तरी नाहीत.

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरीणबाई होत्या. हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, गुलाबांची पहिली रोपं त्यांना दादानंच आणून दिली होती, आणि वर सांगितलं होतं, हे घरी कळता कामा नये, कारण ती आमच्याच कुंड्यांतून उपटलीत.

“काय?” वहिनी कडाडल्या. “आणि मी शेजारणीशी भांडले त्यावरून!”

मग जे सुरू झालं ते आवरेना. पूलवाले बोलले. अध्यक्षही बोलले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक आहे हे आम्हाला त्या दिवशी समजलं. एकाचं संपण्याआधी दुसरा सुरू करत होता. माझ्या राजीनाम्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. वहिनी एकेकाला थांबवून म्हणत होत्या, थांबा, असं नव्हतं ते, मी सांगते कसं झालं. त्यांच्या शेजारी बसून मी माझ्या भावाबद्दल ऐकत होतो, आणि तो गेल्यानंतर त्याचं नाव पहिल्यांदाच एवढ्या माणसांच्या तोंडी येत होतं.